पत्रकारिता विभागाला वर्तमानपत्र द्या

14 सप्टेंबर 1908. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. संस्थापक वॉल्टर विल्यम्स कधी कॉलेजात गेले नव्हते. ते छापखान्यात घडलेले संपादक होते. ते पत्र ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावाने आजही कोलंबिया शहरासाठी निघतं. शहराचा कारभार, शाळा, न्यायालयं यांच्या बातम्या विद्यार्थी आणतात आणि अनुभवी संपादक त्या तपासतात.

आपल्याकडे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी काय छापतो? प्रायोगिक अंक. तो परीक्षकांनी पाहिला की कपाटात जातो. बातमीत नाव चुकलं तर अर्धा गुण कमी होतो. सकाळी सातला त्या नावाच्या माणसाचा फोन येत नाही. हा फोनच खरा शिक्षक आहे. संज्ञापनाचे सिद्धांत शिकवायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय लागतं, तसा पत्रकारिता विभागाला रोजचा वाचक लागतो.

पुण्याचंच घ्या. विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, फर्ग्युसन रस्त्यावर, भर शहरात. महापालिका आणि शिवाजीनगरचं न्यायालय तिथून पायी गाठता येतं. मार्च 2022मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुख्य सभेत उठून प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. अशा वेळी रोज एकेका खात्याच्या दारात उभे राहणारे तरुण बातमीदार शहराला किती उपयोगी पडले असते! ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथेही तेव्हा प्रशासकच होते.

साधनंही हाताशी आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची. अर्ज, उत्तर, टोलवाटोलवी आणि पहिलं अपील हे सगळं एका सत्रात बसतं. याला श्रेयांक द्या. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रभाग, एक पोलीस ठाणं किंवा एक बाजार समिती वर्षभरासाठी बीट म्हणून नेमून द्या. वर्षाअखेरीस त्याच्या वहीत पन्नास माणसांचे नंबर नसतील, तर त्याला वरच्या वर्गात घालू नका. पैसे नसतील तर छपाई आठवड्यातून एकदा करा, बाकी दिवस वेबसाइटवर चालवा.

खरी अडचण पैशाची नाहीच, भीतीची आहे. विद्यापीठाच्याच निविदांवर विद्यार्थ्यांनी बातमी केली तर? करू द्या. त्यासाठी संपादकपद ठरावीक मुदतीचं हवं, आणि त्या मुदतीत कुलगुरूंनाही संपादकाला हलवता येऊ नये. एवढी हमी ज्या विद्यापीठाला देववत नाही, त्याने पत्रकारितेची पदवी देऊ नये.

पालकांनो, विद्यार्थ्यांनो, प्रवेश घेण्याआधी स्टुडिओ आणि कॅमेरे पाहाच. पण विभागप्रमुखांना एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या विद्यार्थ्यांनी गेल्या महिन्यात या शहराबद्दल काय छापलं?