ये रे माझ्या मागल्या : टायमर बिघडवण्याचे प्राथमिक धडे

वर्षानुवर्षं बंद न होणारं एखादं नेटवर्क टूल लिहायला घेतलंय? मग बग पहिल्याच दिवशी घालून ठेवा. दिसायला वेळ लागतो.

आधी ३२ बिटांचा, मिलिसेकंद मोजणारा अनसाइन्ड काउंटर घ्या. ४,२९,४९,६७,२९५ झाले की तो मुकाट्याने शून्यावर येतो. त्याला ४९ दिवस, १७ तास आणि वर काही मिनिटं लागतात. घाई असेल तर साइन्ड घ्या, पंचविसाव्या दिवशीच आकडा उणे होतो. चिकाटी असेल तर सेकंदाचे शंभर भाग मोजा, म्हणजे ४९७ दिवस. तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत असता.

आता टाइमआउट. पाच सेकंद थांबायचंय ना? आत्ताच्या आकड्यात ५,००० मिळवा, त्याला ‘मुदत’ म्हणा आणि आकडा मुदतीपुढे गेला का, एवढंच बघा. काउंटर ४,२९,४९,६५,२९५ वर असेल तर मुदत येते २,९९९! म्हणजे पॅकेट निघायच्या आत मुदत संपलेली. उलट मुदत शून्याच्या किंचित अलीकडे पडली आणि तुम्ही किंचित पलीकडे तपासलंत, तर टूल पुढचे ४९ दिवस वाट बघत बसतं. कोणी शहाणा सांगेल, ‘आत्ताच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा कर, अनसाइन्डमध्ये शून्य ओलांडलं तरी फरक बरोबर येतो.’ खरं आहे. म्हणूनच ऐकू नका.

चाचणी संध्याकाळपर्यंत उरका. लिनक्सवाल्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. त्यांनी कर्नलचा काउंटर शून्याऐवजी उलटण्याच्या पाच मिनिटं आधीच्या आकड्यावरून सुरू केला. मशीन चालू झालं की पाच मिनिटांत सगळी लपवाछपवी उघडी. असला रसभंग काय कामाचा?

ग्राहकाचा फोन आला तर ‘रीस्टार्ट करून बघा’ म्हणा. चालू होतंच. मग मॅन्युअलमध्ये तशी ओळही टाका. कॅलिफोर्नियात पामडेलच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात अशीच सूचना होती : संवादयंत्रणा दर ३० दिवसांनी रीस्टार्ट करा. एकदा ते राहून गेलं. १४ सप्टेंबर २००४ला यंत्रणा बंद पडली, पाठोपाठ राखीव यंत्रणाही. तीन तासांहून अधिक काळ नियंत्रकांना वैमानिकांशी रेडिओवर बोलता येईना. बातम्यांत कारण आलं : मानवी चूक. म्हणजे रीस्टार्ट करायला विसरला त्याची.