अर्ध्या तोंडाची उपासना

मराठी ख्रिस्ती माणसाचा सगळा धर्म ओठांवर उभा आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. प्रभू, पिता, पुत्र, पवित्र, पाप, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, मंडळी, आणि सगळं आटोपल्यावर आमेन. ओठाला ओठ टेकवल्याशिवाय यातलं काही धड निघत नाही. एरवी हे कोण कशाला बघत बसतंय? पण जानेवारीतल्या एका शनिवारी माझ्या चेहऱ्याची डावी बाजू रातोरात कामावरून उतरली, आणि दुसऱ्या दिवशी पुलपिटावर उभं राहून मी पापांची क्षमा मागितली ती मंडळीला ‘फाफांची’ अशी ऐकू आली. मागच्या बाकावरच्या तरुण संघाच्या माना झटक्यात खाली गेल्या. इतकी भक्ती त्यांच्यात मी पूर्वी पाहिली नव्हती.

गंमत म्हणजे सैतान आणि नरक या दोन शब्दांना ओठ लागत नाहीत. ते खणखणीत येत. त्यामुळे पुढचे काही रविवार माझ्या उपदेशात ते वाजवीपेक्षा जास्त आले असावेत, कारण आमचे एक पंच मुद्दाम थांबून म्हणाले, “साहेब, हल्ली बोलण्याला धार आलीय.”

आमचं गाव नगर आणि नेवासा यांच्या मधलं, उसाचं. अमेरिकन मिशन नगरात आलं 1831 साली, त्यानंतर केव्हातरी आमच्याकडे कौलारू देऊळ झालं. 1970 पासून आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहोत. गावातल्या इतर मंडळींना या तपशिलाशी काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी मी ‘फादर’. “फादर, मिसेस बऱ्या आहेत ना?” असं एस.टी. स्टँडवर कुणी मोठ्यानं विचारलं की परगावचे प्रवासी वळून बघतात. आता त्याचं काही वाटत नाही.

तर त्या शनिवारी चूळ भरली ती समोर न जाता डाव्या खांद्यावर पडली. पुन्हा भरली, पुन्हा खांद्यावर. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, तोंड नीट करा. सकाळी सकाळी काय नकला चालल्यात?” ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तोंडं वेडीवाकडी करणाऱ्या पोरांना बाकावर उभं करण्यात तिची सगळी नोकरी गेली आहे. माझं तोंड सांगूनही सरळ होईना, तेव्हा मात्र तिच्या हातातली पळी खाली ठेवली गेली.

मिशननं आम्हांला भरभरून दिल्या त्या दोन गोष्टी: मास्तर आणि नर्स. वानलेससाहेबांनी 1894 साली मिरजेत दवाखाना उघडला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत एक तरी लेक पांढऱ्या कपड्यांत आहे. आमची पुण्याला असते. व्हिडिओ कॉल लावला. “पप्पा, दोन्ही हात वर करा. दात दाखवा. डोळे घट्ट मिटा. आता कपाळाला आठ्या घाला.” आठ्या उजवीकडेच पडल्या. डावं कपाळ इस्त्री केलेल्या धोतरागत सपाट. ते बघून पोरीचा जीव भांड्यात पडला. मेंदूचा झटका असेल तर कपाळ सहसा शाबूत राहतं, असं तिनं नंतर सांगितलं. कपाळासकट अर्धा चेहरा गेला आणि हातपाय ठणठणीत आहेत, म्हणजे दुखणं बहुधा नसेचं. तरी लगेच आवाज चढवून म्हणाली, “उपासनेची तयारी राहू द्या. आधी दवाखाना. औषध 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं.” पंचांच्या बैठकीत ज्या आठ्या लपवता लपवता माझे केस पिकले, त्या जगात कुणाला एवढ्या उपयोगाच्या ठरतील असं वाटलं नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं: बेल्स पाल्सी. कानामागच्या हाडात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून चेहऱ्याची नस जाते. ती सुजली की बोगद्यात अडकते आणि त्या बाजूचा चेहरा बंद पडतो. वर्षाला लाखात वीस-तीस जणांना होतं. बहुतेक जण बरे होतात, काही आठवड्यांत, काही महिन्यांत. स्टेरॉईडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, आणि रात्री पापणी चिकटपट्टीनं बंद करून झोपायचं, कारण ती आपणहून मिटत नाही. जिभेची डावी बाजूही आळणी झाली होती. स्टेरॉईडनं भूक मात्र अशी खवळली की हिनं भाकरीचा डबा वरच्या फळीवर नेला.

दुखण्याला ज्यांचं नाव आहे ते चार्ल्स बेल स्कॉटलंडचे शल्यवैद्य. चेहऱ्याच्या नसांवरचा त्यांचा निबंध 1821 सालचा. वॉटर्लूच्या लढाईनंतर ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला गेले होते. पण मला जवळचे वाटले ते दुसऱ्याच कारणानं. बेल पाळकाचे चिरंजीव. आणि 1833 साली त्यांनी माणसाच्या हातावर एक सबंध पुस्तक लिहिलं, निर्मात्याची कारागिरी दाखवायला. चेहऱ्याचे स्नायूही देवानं माणसाला भावना दाखवण्यासाठीच दिले, असं त्यांचं म्हणणं. डार्विनला ते पटलं नाही. मी त्या दिवसांत आरशासमोर उभा राहायचो तेव्हा माझंही मत पक्कं होत नसे. उजवीकडून बेल बरोबर वाटत, डावीकडून डार्विन.

गावानं निदान डॉक्टरांच्या आधीच करून टाकलं होतं: वारं लागलं. मोटारसायकलवरून पहाटे या मंडळीतून त्या मंडळीत हिंडतो, मफलर बांधत नाही, मग काय होणार? शेजारचे अण्णा पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आले. लकव्यावर त्याचं रक्त चोळतात. मी नको म्हणायचा आटोकाट प्रयत्न केला, पण ‘कबूतर’मधल्या ब पाशी हवाच सुटली. ते बिचारे माझ्या बोलण्याचा अर्थ लावत असताना हिनं पिशवीचं तोंड मोकळं केलं. कबूतर देवळाच्या कौलांवर जाऊन बसलं आणि उन्हाळाभर तिथंच राहिलं. अण्णा अजून म्हणतात, ते कामी आलं असतं तर महिन्याभरात काम झालं असतं.

माझी आई आमच्याकडेच असते. ती बायबलबाई होती. उमेदीची सारी वर्षं पिशवीत शुभवर्तमानं घेऊन वस्त्यावस्त्यांवर पायी हिंडली. नव्वदीला टेकली तरी शास्त्र तोंडपाठ आहे, आणि शास्त्र तोंडपाठ असलेलं माणूस घरात असताना पाळकानं आजारी पडू नये. पहिल्याच संध्याकाळी तिनं लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या काढला. मंदिरात सेवा करणारा याजक, देवदूताचं म्हणणं त्याला खरं वाटलं नाही, मुलगा होईपर्यंत वाचा गेली, शेवटी पाटी मागून तिच्यावर मुलाचं नाव लिहिलं.

“जखऱ्यानं शंका घेतली. तू कशावर घेतलीस?”

“कशावर नाही गं आई.”

“आठव. असेल काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी तिलाच आठवलं. “त्या लग्नात तू दोन पंगतींना बसलास.”

वाचायची बंदी असल्यानं रात्री ही मला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवी. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत लक्ष्मीबाई टिळक म्हणजे आत्याबाईच. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या माउलीचं काय झालं असेल ते सांगायला उपदेशकच हवा होता असं नाही, एक खोडकर बाईच हवी होती. टिळक घरातली वस्तू कुणाला तरी देऊन मोकळे होतात अशी जागा आली की ही पुस्तक मांडीवर ठेवून माझ्याकडे नुसती बघे. गेल्या नाताळात मिळालेली घोंगडी मी कुठं ठेवली हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

चेहऱ्याच्या नसेवर कानातला एक बारीक स्नायूही अवलंबून असतो. तो ढिला पडला की त्या कानाला साधा आवाजही मोठा लागतो. ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांच्या काळापासून नगरकडची ख्रिस्ती मंडळी टाळमृदुंगावर गाते. माझी खुर्ची नेमकी ढोलकीच्या उजव्या अंगाला, म्हणजे डावा कान ढोलकीकडे. त्या महिन्यात देवाची स्तुती मी अक्षरशः सोसली. दोन रविवार तर पुलपिटच हिच्याकडे दिलं. मोशेला अहरोन मिळाला तशी मला ही. तिनं एक मुद्दा घेतला, समजावला, मग समोरच्या बाकावरच्या माणसाला उभं करून विचारला. मंडळीत एवढी शांतता आणि एवढी धाकधूक मी कधी पाहिली नाही. बाहेर पडताना दोघं-तिघं तिला म्हणाले, “बाई, पुढच्या खेपेलाही तुम्हीच घ्या.” मी शेजारीच उभा होतो.

पण या सगळ्या आजारपणात सांगण्यासारखं काही असेल तर ते डाव्या डोळ्याचं. आम्ही प्रार्थनेला डोळे मिटतो. ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यावर सर्वांत आधी पाळकाचे मिटतात. त्यामुळे ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं प्रार्थना केली, ती माणसं प्रार्थना करताना कशी दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. डावी पापणी मिटेना, तेव्हा पहिल्यांदा दिसलं. खजिनदार बोटांवर हिशेब करत असतात. एक आजोबा हात जोडायच्या ऐवजी खिशातलं औषध चाचपतात. कर्जापायी मोटार विकलेला एक गडी डोळे एवढे घट्ट मिटतो की गालाला सुरकुत्या पडतात. पोरं तर डोळे मिटतच नाहीत, ती एकमेकांकडे आणि पालीकडे बघतात. आणि ही माझ्याकडे बघते. आमच्या लग्नापासून बघत आली असणार.

याकोबाच्या पत्रात आहे त्याप्रमाणे मंडळीचे वडील तेल घेऊन घरी आले. मी पलंगावर, डोळ्याला पट्टी नव्हती. खजिनदारांनी प्रार्थना सुरू केली ती देवळाच्या गळक्या कौलांवरून, थकलेल्या वर्गणीवरून फिरत माझ्यापर्यंत पोचली तेव्हा चहा उकळून गेला होता. मग ऊसतोडीला जाणारी एक म्हातारी पुढं झाली. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. ऊस सोलून सोलून तिच्या बोटांच्या पेरांना काळ्या चिरा पडल्या होत्या, गूळ लावल्यासारखा चिकट वास येत होता. डोळे तिचेही उघडेच.

“देवा, ह्यो मानूस आमच्या समद्यांच्या मयतीला येतो. माझी बी मयत ह्याच्याच हातनं व्हायची हाय. ह्याचं तोंड सरळ कर. वाकड्या तोंडानं मला पुरायचं न्हाई. आमेन.”

आजाऱ्याच्या उशाशी मी प्रार्थना करतो तेव्हा ‘तुझ्या इच्छेला येईल तर’ हे शब्द मध्ये घालतोच. सेमिनरीत तसंच शिकवलं, आणि ते शास्त्राला धरूनही आहे. देवालाही त्यानं निघून जायला एक दार उघडं राहतं. बाईंनी ते दार लावून घेतलं होतं आणि पाठ टेकून उभ्या होत्या. मला हसू आलं, अर्धंच आलं, पण तेवढ्यातही त्या समजल्या. म्हणाल्या, “हसू नगा साहेब, मी खरंच सांगतेय त्याला.”

झावळ्यांच्या रविवारपर्यंत ओठ बरेच जवळ आले. ‘होसान्ना’ला तसेही ओठ लागत नाहीत, त्यामुळे मिरवणुकीत माझी अडचण झाली नाही. ईस्टरला पहाटेच्या उपासनेत ‘प्रभू’ म्हणालो आणि प जागेवर पडला. आईनं पुढच्या बाकावरून मान डोलावली, म्हणजे लग्नातल्या पंगतींचा विषय मिटला असावा. जिभेला मीठ कळू लागलं. हिच्या आमटीत ते आधीपासूनच कमी होतं हे तेव्हा लक्षात आलं, पण मी गप्प राहिलो.

मे महिन्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि पापणी पूर्ण मिटते असा निर्वाळा दिला. ही सोबत होती, तिनं ऐकलं. मंडळीत मात्र मी अजून तसं जाहीर केलेलं नाही. प्रार्थना सुरू झाली की मागच्या बाकावरचा तरुण संघ हल्ली अगदी चिडीचूप बसतो. खजिनदार दोन्ही हात जोडतात. एकानं परवा काळजीनं विचारलं, “साहेब, डावा डोळा अजून नाही का मिटत?” मी म्हटलं, वेळ लागतो अशा गोष्टींना. हिनं पायावर पाय दिला.