थांबा, वाय-फाय आठ येतंय!

नवा राउटर आत्ता घ्यावा की थोडं थांबावं, या प्रश्नाचा मोठा गुण म्हणजे तो कधीच जुना होत नाही. २०१९ मध्ये लोक वाय-फाय सहासाठी थांबले होते. ते आलं, तर पाठोपाठ सहा-ई आलं. जानेवारी २०२४ मध्ये सातचं प्रमाणीकरण सुरू झालं आणि आता जाणकार मंडळी खालच्या आवाजात सांगतात, २०२८ च्या सुमारास आठ येणार, घाई करू नका. पिढ्यांना असे आकडे द्यायची युक्ती वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये काढली. त्याआधी '८०२.११एसी' असली नावं होती. ती पाठ करण्यापेक्षा जुना राउटर वापरणं सोपं जायचं. आकडे आले आणि आपला राउटर शेजाऱ्यापेक्षा एक इयत्ता मागे असल्याचं दुःख मोजता येऊ लागलं.

पुरावा म्हणून दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो, तर आधी तोच तपासू. 'एएक्स ३०००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ५७४ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २,४०२ यांची बेरीज, वर थोडी फुगवलेली. वाय-फाय सहाचा फोन मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. स्थळाच्या बायोडेटात मुलाच्या पगारात थोरल्या भावाचाही पगार मिळवावा, तसा हा हिशेब. त्यातून बाहेरून येणारा प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल, तर इंटरनेटपुरते हे सगळे आकडे शोभेचे. शंभर कमी पडतात का? फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. म्हणजे सहा टीव्हींवर सहा मालिका एकाच वेळी चालतील. रिमोटची भांडणं मिटवायला ज्यांनी खरोखरच सहा टीव्ही घेतले, त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्या राउटरने भागणाऱ्या नाहीत.

मग बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अडकतो तो का? कारण राउटर कुठे बसवायचा हे आपल्याकडे घरमालक ठरवत नाही. ड्रिल घेऊन आलेला मुलगा ठरवतो. तार जिथून आत शिरेल तिथे, म्हणजे दाराशी चपलांच्या स्टँडवर किंवा टीव्हीच्या पाठीमागे. तिथून बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ च्या आधी हात टेकते आणि ६ गिगाहर्ट्झची त्याहून लवकर. २.४ वर परतावं, तर तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी सोसायटी त्यांच्यावर दाटीवाटीने बसलेली. लांब केबल आणून राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवणं हा यावरचा खरा उपाय. त्याचा खर्च काहीशे रुपये असल्यामुळे तो कोणी गंभीरपणे घेत नाही.

'पण पुढची सोय म्हणून आजच सात घेतलेलं बरं,' असं कोणी म्हणेल. सातचा मोठा डौल म्हणजे ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल. तो फक्त ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात मिळतो. अमेरिकेने त्या पट्ट्यात १,२०० मेगाहर्ट्झ जागा एप्रिल २०२० मध्ये खुली केली. आपल्याकडे खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला, आणि ५०० मध्ये ३२० चा चॅनेल बसतो जेमतेम एक. शिवाय 'सात'ची पाटी लावलेल्या कित्येक स्वस्त राउटरांत ६ गिगाहर्ट्झ मुळी नसतंच. भविष्यासाठी घेतलेल्या खोक्यातून नेमकं भविष्यच गाळलेलं.

तर मग राउटर कधीच बदलू नये का? बदलावा, आणि काही घरांत तर याच आठवड्यात. कंपनीने सुरक्षेचे अपडेट थांबवले असतील, तर आठची वाट पाहणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत 'क्रॅक' नावाची फट सापडली, तेव्हा ज्या यंत्रांना अपडेट मिळाले नाहीत त्यांत ती तशीच राहिली. राउटर मात्र वर्षानुवर्षं हिरवा दिवा दाखवत राहतो आणि दिवा लागतोय तोवर आपल्या लेखी तो चालू असतो. दुसरं कारण प्लॅनचं: तो ३०० चा आणि राउटरची पोर्ट १०० ची असतील, तर उरलेल्या २०० चे पैसे दरमहा दानधर्मात जातात. या दोन्ही घरांना गिगाबिट पोर्टचा, डब्ल्यूपीए-३ असलेला साधा वाय-फाय सहाचा राउटर पुरे. बाकीच्यांनी या रविवारी आधी चपलांचा स्टँड मोकळा करावा.