जोडी कशी वाटली?

वर्तमानपत्रातलं विनोदी चित्रपटाचं परीक्षण मी खालून वर वाचतो. वरच्या भागात कथा असते, आणि ती वाचली की तिकिटाचे निम्मे पैसे आधीच बुडाले म्हणून समजावं. खाली मात्र ओळखीची माणसं भेटतात. 'डोकं घरी ठेवून गेलात तर करमणूक होईल.' 'छायाचित्रण विषयाला साजेसं.' 'मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो.' मध्यंतरानंतर न रेंगाळलेला विनोदी मराठी चित्रपट परीक्षणात तरी माझ्या पाहण्यात नाही. समीक्षकाचा समोसा मध्यंतरात संपतो, एवढाच त्याचा अर्थ असावा असा मला संशय आहे. सगळ्यात शेवटी अडीच तारे. चित्रपट दोघांच्या जोडीचा असेल तर दोघांना एकेक आणि उरलेला अर्धा निर्मात्याच्या कर्जाला.

त्यातही चित्रपट विजोड जोडीचा असला, म्हणजे एक लंबूटांग आणि एक बुटका, एक भोळा आणि एक बेरकी, किंवा फाटका नवरा आणि भरभक्कम बायको, तर एक खास वाक्य येतंच: 'हे दोघं एकत्र येतात हेच मुळी पटत नाही.' या वाक्यापाशी मी दरवेळी थांबतो. कारण मी राहतो शहापूरला. हे भंडारा जिल्ह्यातलं, हायवेवरचं. ठाणे जिल्ह्यातलं नव्हे; हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. एका अंगाला भंडारा, दुसऱ्या अंगाला नागपूर, शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात इंजिनिअरिंगचं कॉलेज आणि चहूबाजूंनी धानाची शेतं. आता एकाच गावात दारूगोळ्याचे कामगार, इंजिनिअरिंगची पोरं आणि बांधावर बसलेले धानवाले एकत्र येतात, हे तरी कुठे पटण्यासारखं आहे? पण पानठेल्यावर तिघंही एकाच बाकावर बसलेले असतात.

आमच्या भागातल्या माणसाला 'जोडी पटत नाही' एवढ्यावर भागवता येत नाही. जोडी पाहणं हा इथे अर्ध्या जिल्ह्याचा हिवाळी उद्योग आहे. दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचे, दिवस लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा पाळणे, जिलेबी, उकडलेले शिंगाडे, आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. प्रत्येक घरात पाहुणे इतके, की यजमानाला स्वतःच्या घरात झोपायला जागा नसते. हे पाहुणे नाटकाला आलेले असतात हे खरंच, पण ते अर्धंच. लग्नाच्या पोरापोरींच्या सोयरिकीची पहिली बोलणी मंडईतच निघतात. आत्या, मावश्या, मामे, सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. एक डोळा रंगमंचावर, दुसरा तिसऱ्या रांगेतल्या पिवळ्या ओढणीवर.

असल्या प्रेक्षकासमोर विजोड नवरा-बायकोचा विनोदी प्रवेश करणं म्हणजे सोनाराच्या आळीत पितळ विकायला बसणं. माझी आत्या हे मी पाहिलेलं समीक्षेचं सर्वोच्च पीठ. अंगाला शाल लपेटून, पायाशी शिंगाड्यांची टरफलं साचवत ती नाटक पाहते. मागे एकदा हडकुळा नवरा आणि त्याला एका हाताने उचलणारी बायको असा प्रवेश रंगला होता. पब्लिक लोळत होतं. आत्या हसली नाही. तिने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, ''पोरगा कामाचा हाये वो. पाय कसा टेकवते ते पाय. हे घर चालते.'' थोड्या वेळाने त्याच नाटकात नायक-नायिका आले. दोघंही गोरेगोमटे, शोभतील असे, वर नायिका बाहेरून आणलेली नटी. आत्याचा निकाल एका ओळीचा: ''हे नाई टिकत.'' आणि ती मान खाली घालून शिंगाडा सोलू लागली. एखाद्या समीक्षकाने पाऊण पान खर्चून जे लिहिलं असतं, म्हणजे विनोदी जोडीतली रसायनं आणि मुख्य जोडीतला कोरडेपणा वगैरे, ते तिने शिंगाडा अर्धा सोलायच्या आत सांगून टाकलं.

आत्याची ही नजर माणसांवर तयार झालेली नाही, हे मला फार उशिरा कळलं. ती बैलांवर तयार झाली. तिच्या माहेरी पटाचे बैल होते. शंकरपटात दोन बैल एका जुवाखाली पळतात, आणि पाहणारे जाणते लोक रंग किंवा शिंगं पाहत बसत नाहीत. एक पांढरा आणि एक काळा असला, एकाचं शिंग वर आणि दुसऱ्याचं मागे असलं तरी कोणाची हरकत नसते. पाहायचं ते हे, की एकाने झेप घेतली तर दुसरा त्याच क्षणी घेतो का. दोन्ही बैल एकसारखे देखणे, पण एक उतावळा आणि दुसरा तब्येतीने निघणारा असेल तर छकडा सरळ जात नाही, तिरपा होऊन लोकांत घुसतो. मग बक्षीस राहिलं बाजूला, पळापळ होते. विनोदी चित्रपटालाही मी हीच फूटपट्टी लावतो. दोघं विजोड आहेत का, हा प्रश्नच नाही. ते तर असायलाच हवेत. एकाने वाक्य टाकलं की दुसऱ्याने नेमकी झेप घेतली का? नसेल तर छकडा माझ्या अंगावर येतो आणि मी मध्यंतरात बाहेर पडतो.

मराठीत अशी विजोड जोडी जुनी आहे. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घ्या. एक किडकिडीत भित्रा, दुसरा दांडगट. मास्टर विनायकांनी 1940 साली त्यांना 'लग्न पहावे करून'मध्ये पडद्यावर आणलं. दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. दामूअण्णांचे डोळे तिरळे. एक डोळा गुंड्याभाऊकडे आणि दुसरा प्रेक्षकाकडे अशी निसर्गानेच सोय केलेली. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले आणि नव्या पिढीला चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणजे हेच दोघं वाटू लागले. तिकडे अमेरिकेत लॉरेल आणि हार्डीने तेच केलं. 'द म्युझिक बॉक्स' या त्यांच्या छोट्या चित्रपटाला 1932 मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्यात हे दोघं करतात काय, तर एक पियानो लांबच लांब जिन्यावरून वर चढवतात. पियानो खाली येतो, ते पुन्हा चढवतात. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, की पियानो पोचला का. पोचला म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

पण समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातला खरा तंटा झाला तो दादा कोंडक्यांवरून. 'सोंगाड्या' 1971 चा. वसंत सबनिसांची कथा, गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शन. लोंबती नाडी, अर्धी चड्डी घातलेला भाबडा नाम्या आणि तमाशातली नाचणारी कलावती. याहून विजोड जोडी त्या काळात कल्पनेत येणं कठीण. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'मुळे याला जागा मिळेना, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि मग 'सोंगाड्या' लागला, ही हकीकत मराठी माणसाला तोंडपाठ आहे. लागला आणि हलेना. पुढे दादांच्या एकापाठोपाठ एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तेवढ्या काळात सुसंस्कृत लेखण्या 'द्व्यर्थी', 'ग्राम्य', 'अभिरुचीहीन' अशी विशेषणं झिजवत होत्या. त्या अगदीच चुकीच्या होत्या असं मी म्हणणार नाही. काही विनोद माझ्या आत्यासमोर मला आजही ऐकवत नाहीत. ती ऐकते, मला ऐकवत नाहीत. पण या लेखण्यांचं सगळं लक्ष शब्दांच्या दुसऱ्या अर्थाकडे राहिलं आणि जोडी पाहायची राहून गेली.

जोडी पाहायचीच तर 'पांडू हवालदार' पाहा, 1975 चा. इथे दादा स्वतः दिग्दर्शक. एकीकडे सरळमार्गी पांडू, दुसरीकडे हात ओले करून घेणारा सखाराम. एकाच खात्याचा गणवेश, एकाच पगारपत्रकावर सह्या, आणि स्वभाव उत्तर-दक्षिण. सखाराम झालेले अशोक सराफ या चित्रपटाने लोकांच्या डोळ्यांत भरले. दादांचा हशा वसूल होऊन पुरता ओसरायच्या आत सराफ आपली पुढची रेघ ओढून मोकळे झालेले असतात. ही वेळ साधणं शिकवून येत नाही. त्याच सराफांना 2023 चा महाराष्ट्रभूषण जाहीर झाला आणि 2025 मध्ये पद्मश्री. सखारामने पहिला हप्ता घेतल्यापासून पन्नास वर्षं उलटत आली तेव्हा कुठे सरकारदरबारी एवढी मोठी पोच मिळाली. पानठेल्यावर मात्र ती पोच फार पूर्वी देऊन झाली होती. गावातल्या दोन माणसांना 'पांडू-सखाराम' म्हटलं की त्यांतला कोण कोण, हे वेगळं सांगावं लागत नसे. पडद्यावरच्या जोडीची नावं गावातल्या दोघांना चिकटली की त्या चित्रपटाचं परीक्षण कायमचं छापून झालं असं धरावं. त्याला तारे लागत नाहीत.

डिसेंबर 2021 मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा 'पांडू' आला, दादांना मानवंदना म्हणून. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरची 2014 पासूनची बंदी उठवली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, पण आमच्याकडे दोन्हींची चर्चा एकाच बाकावर झाली, आणि बैलांना जास्त वेळ मिळाला.

आता 'अशी ही बनवाबनवी'. 1988 चा, पुन्हा सबनिसांच्याच लेखणीचा. धनंजय माने झालेले अशोक सराफ आणि त्यांची पत्नी पार्वती, म्हणजे लुगड्यातले लक्ष्मीकांत बेर्डे. मराठी चित्रपटातलं याहून विजोड दांपत्य कोणी दाखवून द्यावं! इतका मिशीवाला आवाज घरमालकिणीला कसा कळत नाही, असा प्रश्न शहरात पडू शकतो. आमच्याकडे कोणाला पडला नाही. दंडारीत आणि खडी गंमतीत पिढ्यान् पिढ्या बापये लुगडं नेसून नाचत आले. सकाळी ज्याला नांगरावर पाहिलं तो रात्री राधा होऊन येतो आणि शाहिराला सवालजबाबात गार करतो. तेव्हा त्याची बायको प्रेक्षकांत बसून, लुगडं नीट नेसवलंय का तेवढं बघते. पार्वतीला इथे प्रवेशपत्रिका लागलीच नाही.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीने आपला स्वतंत्र दादाही निर्माण केला. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे, ज्यांना लोक 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. 800 च्या आसपास भूमिका, 5000 च्या घरात प्रयोग, आणि 2023 मध्ये पद्मश्री. वर्तमानपत्रांत छापून आलेली त्यांच्या विनोदाची परीक्षणं गोळा केली तर एका वहीची पानंही भरणार नाहीत. पण इथली समीक्षा कागदावर होतच नाही. गावचं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी बोलणी करून नाटक ठरवतं, तिकिटं लावतं, मंडप घालतं. नाटक रात्री दहाला सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालतं. पडदा पडल्यावर लोक घोंगड्या झटकत निघतात आणि घराकडच्या वाटेवर निकाल लागतो. ''मस्त झाला गा'' असं निघालं तर पुढल्या सालीही तारीख त्याच कंपनीला. ''पैसे गेले बा'' असं निघालं तर मंडळाचा खजिनदार दोन दिवस पानठेल्याकडे फिरकत नाही. इथे अडीच तारे देऊन कोणाची सुटका नाही. एक तर तारीख मिळते, नाहीतर मिळत नाही.

रात्रभर जागं ठेवायचं काम विनोदी जोडीवर असतं. पहाटे तीनच्या सुमाराला, थंडी हाडांत उतरलेली असताना आणि पोरं मांडीवर झोपलेली असताना, ही जोडी रंगमंचावर येते. त्या वेळी जो हसवतो त्याला माझ्या मते मध्यंतरानंतर रेंगाळण्याचा आरोप चिकटत नाही.

म्हणून विनोदी चित्रपटांची परीक्षणं लिहिणाऱ्या मंडळींना माझं एक आग्रहाचं बोलावणं आहे. एकदा दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडईला या. राहायची सोय होईल, झोपायची होईलच असं नाही. सोबत जाड शाल आणा आणि वही घरी ठेवा. आत्याशेजारची जागा मी धरून ठेवतो. फक्त घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी कळवा, म्हणजे आत्याला तिसऱ्या रांगेत कोणाकडे पाहायचं ते सांगून ठेवता येईल.