चार अधिक चार बरोबर चार

एका गाडीला तीन इंजिनं, याचं ठाण्याच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा १४ डब्यांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जुंपलेली होती. वाटेत घाट नाही, डब्यांत माणसं ४००, तीही निमंत्रित, तरी तीन. निमंत्रितांसमोर शोभा नको, असा विचार कुणीतरी केला असावा.

हा इतिहास माझ्या भाच्यानं मला माजिवड्याच्या आमच्या घरी ऐकवला. बहिणीचा हा मुलगा मूळ डोंबिवलीचा, पण ठाण्यात इंजिनीअरिंगला होता म्हणून आमच्याकडे मुक्कामाला. त्याला इतिहासाची आवड नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी आधी पाकीट चाचपलं.

"मामा, तू सगळी नोकरी मध्य रेल्वेत केलीस. एका इंजिनाला गाडी ओढवेना, तर काय करता तुम्ही?"

"दुसरं लावतो. कसारा घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. तिथे मागून ढकलायला बँकर लावतात."

"बस्स! माझ्या कॉम्प्युटरला बँकर हवाय."

बँकर म्हणजे दुसरं ग्राफिक्स कार्ड. सुमार २०१५ चा. त्याच्याकडे चार जीबीचं एक होतंच. त्याचंच जुळं भावंड लॅमिंग्टन रोडला वापरलेलं मिळत होतं. त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव लागून जमाना झाला, पण कार्ड घ्यायला निघालेला माणूस आजही भडकमकर मार्गावर जात नाही. रेल्वेचा दाखला दिल्यावर रेल्वेच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे भाच्यानं बरोबर हेरलं होतं.

कार्ड आलं. ते आलं म्हणून जास्त वॅटचा एसएमपीएस आला. दोन्ही कार्डांच्या डोक्यावर बोटभर लांबीची एक पट्टी बसली, तिला ब्रिज म्हणतात. माजिवड्यात राहणाऱ्याला ब्रिज म्हटलं की पुलावरचा आणि पुलाखालचा असा दोन्ही ट्रॅफिक आठवतो, त्यामुळे मी तेव्हाच सावध झालो होतो.

महिना मे. खिडकी उघडावी तर घोडबंदर रोडच्या कंटेनरांची धूळ थेट कार्डांच्या पंख्यांत. खिडकी लावावी तर कार्डांनी खाल्लेले तीनचारशे वॅट खोलीतच. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, असं भाच्यानं शास्त्र सांगितलं. म्हणजे खोली तापवायला एक वीज आणि तीच थंड करायला एसीची दुसरी. दोन कार्डांमध्ये फट इतकीशी, की खालच्याचा ऊन श्वास वरचं कार्ड ओढून घेई.

"उन्हाळाभर गीझर बंद आहे," हिनं बिल वाचत विचारलं, "मग हा आकडा कुणाच्या आंघोळीचा?"

मी विषय बदलला. "आता आठ जीबी झाली ना रे?"

"नाही मामा, चारच. एकाच चित्राचं सामान दोन्ही कार्डांना आपापल्याजवळ ठेवावं लागतं."

चार अधिक चार बरोबर चार! पण यातही आम्ही नशीबवान. त्याच सुमाराला जीटीएक्स ९७० नावाच्या कार्डाचा बभ्रा झाला होता. चार जीबीपैकी शेवटची अर्धी जीबी संथ निघाली. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. तसली दोन कार्डं आमच्याकडे असती, तर चार अधिक चार बरोबर साडेतीन झालं असतं.

मग मी अभ्यासाला बसलो. निवृत्त माणसाला बिल भरावं लागलं की जिज्ञासा होते. ही कल्पना १९९८ ची, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ ची; नाव एसएलआय. एका कार्डानं पडद्यावरच्या विषम ओळी काढायच्या, दुसऱ्यानं सम. दोघं मिळून ८०० बाय ६०० ऐवजी १०२४ बाय ७६८ चं चित्र. पण व्हूडूला फक्त त्रिमितीच यायची. साधा डेस्कटॉप दाखवायला तिसरं कार्ड लागायचंच. साहिब, सिंध, सुलतान! पुढे ती कंपनी बुडाली, २००० च्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडियानं घ्यायचं ठरवलं, आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव पुन्हा बाजारात आलं. आता ओळींऐवजी अख्खी चित्रंच वाटून द्यायची सोय होती: एक चित्र या कार्डाचं, पुढचं त्या. पुढच्याच वर्षी एटीआय कंपनीनंही तशीच सोय क्रॉसफायर नावानं काढली.

ऐकायला सुरेख. पण दोघांची चित्रं समान अंतरानं पोचली नाहीत, तर पडद्याच्या कोपऱ्यातला, सेकंदाला किती चित्रं हा आकडा भरघोस आणि डोळ्यांना हिसके. भाचा आकड्याकडे बघून खूश, मी चित्राकडे बघून बेचैन. काही गेम्समध्ये मात्र वेग खरोखरच दीडपटीच्या वर जाई. काहींत दुसरं कार्ड नुसतंच ऊबदार बसून राही; ते बंद केलं तर गेम उलट बरा चाले.

"असं कसं?" मी म्हटलं. "बँकर लावला आणि गाडी जागीच, असं कसाऱ्याला होत नाही."

"या गेमला दोन कार्डं आहेत हे माहीतच नाही ना, मामा. कुणीतरी त्याच्यासाठी प्रोफाइल लिहायला हवं."

तिथे मला बँकरच्या दाखल्यातली मेख सापडली. इंजिनं किती, हे गाडीला माहीत असावं लागत नाही. डब्यातला प्रवासी वडापाव खातो, मागून ढकलतंय कोण याची चौकशी करत नाही. इथे मात्र प्रत्येक डब्याला समजावून सांगायचं, की बाबा रे, इंजिनं दोन आहेत, तू कुणाकुणाचा किती ते ठरव. समजावणारे अखेर दमले. २०२१ च्या १ जानेवारीपासून एनव्हिडियानं नवी एसएलआय प्रोफाइलं लिहिणं बंद केलं, आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर पट्टी बसवायची खाचच ठेवली नाही. दोनऐवजी एकच कार्ड, पण ते मात्र ४५० वॅटचं.

भाचा आता डोंबिवलीत घरून नोकरी करतो. परवा गेलो, तर टेबलाखाली पुन्हा दोन कार्डं! २४-२४ जीबीची, वापरलेली.

"मामा, गेमिंग नाही. यावर एआयचं मॉडेल चालवतो. त्याचे थर दोघांत वाटून देतो, सामान दोनदा ठेवायला लागत नाही. चोवीस अधिक चोवीस अठ्ठेचाळीस!"

इतक्या वर्षांनी बेरीज बरोबर आली म्हणून मला भरून आलं. "मग वेग दुप्पट?"

"नाही. एकाचे थर संपले की दुसरं सुरू होतं. तोवर ते बसून."

म्हणजे भाच्यानं दुसऱ्यांदा खर्च केला तो इंजिनावर नाही, डब्यांवर. डबे वाढले की माणसं जास्त मावतात, गाडी लवकर पोचत नाही. त्याच्या आईला हे सांगायची गरजच पडली नाही. ती रोज पंधरा डब्यांच्या लोकलनं जाते.