ह्यूस्टनहून बीडला: बिनगाडीच्या कुटुंबाचं खुशालीपत्र

ह्यूस्टन, टेक्सास

ती. आप्पा व आई यांस,
सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. इकडे तुमचे चिरंजीव, तुमची सून आणि तुमची नात अशी तिन्ही माणसं खुशाल आहेत. गाडी नाही, एवढं सोडलं तर काही कमी नाही. फोनवर सांगायला गेलं की आप्पा मध्येच "मग जाता कसे?" म्हणतात, आई "लेकरू उन्हात चालतं का?" म्हणतात, आणि मुद्दा राहतो तो राहतोच. म्हणून हे पत्र. गल्लीत वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त चिरंजीवांच्या मामांसमोर नको, कारण त्यांनी साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत भाच्याच्या दारात दोन गाड्या उभ्या करून ठेवल्या आहेत.

आधी गावाचा पसारा समजून घ्या. ह्यूस्टन शहराची वस्ती २०२०च्या जनगणनेत २३ लाख भरली. आपल्या बीड जिल्ह्याची २०११ साली जवळपास २६ लाख होती. म्हणजे आष्टीपासून परळीपर्यंत अकरा तालुक्यांतली बहुतेक माणसं उचलून एकाच नगरपालिकेत आणून ठेवली, असं धरा. पण दाटी म्हणाल तर नाव नको. शहराची हद्दच सुमारे सतराशे चौरस किलोमीटर, आणि भोवतालची उपनगरं मिळून जो मुलूख होतो तो पंचवीस हजारांच्या पुढं, आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा. इथं कुणाला अंतर विचारलं तर कोस सांगत नाहीत नि मैलही सांगत नाहीत. "जवळच आहे, पंचवीस मिनिटं" म्हणतात. ती मिनिटं मोटारीची असतात. पायी माणसाला ती कळायला संध्याकाळ होते.

बीडवरून जाणारा सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाला तेव्हा आप्पा मुद्दाम बायपासवर जाऊन पाहून आले होते. इथल्या पश्चिमेकडच्या केटी फ्रीवेचं रुंदीकरण २००८ साली पुरं झालं. बाजूचे रस्ते धरून सगळ्यांत रुंद जागी त्याच्या मार्गिका भरतात सव्वीस! खर्च अडीच अब्ज डॉलरांच्या वर. पुढं काही वर्षांतच तिथं पुन्हा गाड्या तुंबायला लागल्या. रस्ता रुंद झाला म्हणून लोक आणखी लांब राहायला गेले, आणि लांब राहायला गेले म्हणून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. हे कोडं इथल्या पंडितांना उलगडलेलं आहे, फक्त रस्ते बांधणारांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरी गंमत म्हणजे या शहरात कुठं काय बांधायचं याचा सरसकट कायदाच नाही. घराशेजारी गॅरेज, गॅरेजशेजारी चर्च, चर्चशेजारी टॅटूचं दुकान. पण पार्किंग किती ठेवायचं याचा कायदा मात्र दशांशापर्यंत आहे. शहराच्या मध्यभागाचा काही भाग सोडला तर एका खोलीच्या घरालासुद्धा सव्वा गाडीची जागा सोडावी लागत आली आहे, आणि एक बेडरूम असली तर एक पूर्णांक एक तृतीयांश गाडीची. दारूच्या बारलाही ठरल्या मापानं पार्किंग सक्तीचं आहे. पिऊन झाल्यावर माणसानं गाडीपर्यंत सुखरूप पोहोचावं, एवढीच कायद्याची अपेक्षा असावी. तुमच्या चिरंजीवांच्या वाट्याची ती एक पूर्णांक एक तृतीयांश जागा रिकामीच आहे. तिथं नातीनं खडूनं ठिकरीची घरं आखली आहेत आणि शेजारच्या मेक्सिकन पोरी रोज खेळायला येतात.

आता गाडी कामून घेतली नाही, ते. चिरंजीव मेडिकल सेंटरात संशोधनाचं काम करतात. नाव डॉक्टरचं असलं तरी पगार शिकाऊ माणसाचा. गाडीचा हप्ता, नव्या लायसनवाल्याला लागणारा जबर विमा आणि पेट्रोल यांची बेरीज त्यांनी कागदावर मांडली, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. शिवाय घरापासून चालत जावं इतक्या अंतरावर रेल्वे आहे. मेडिकल सेंटर म्हणजे साठाच्या वर संस्था आणि लाखभर नोकरदार. तेवढ्यांनी तेवढ्या गाड्या आणल्या तर रोगी कुठं ठेवायचे, म्हणून तिथं रूळ आले.

या रेल्वेची कथा आपल्या रेल्वेची सख्खी बहीण शोभेल. ह्यूस्टनात एके काळी ट्राम होती. १९४० साली ती बंद झाली आणि नवी रेल्वे धावायला २००४चा १ जानेवारी उजाडला. चौसष्ट वर्षं गेली आणि पहिला मार्ग निघाला बारा किलोमीटरचा! मधल्या काळात १९८३ साली मतदारांनी बेत नाकारला, २००३ साली निसटत्या बहुमतानं मान्य केला, तरी ठरलेल्यातला एक मार्ग अजून कागदावरच आहे. चिरंजीवांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला तेव्हा ते शाळेत होते. बीडमधून पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनी. आप्पांनी व्हिडिओ कॉलवर स्टेशन दाखवलं, त्यात दीड मिनिट नुसता आप्पांचा अंगठा होता, पण पाठीमागून गाडीची शिट्टी स्वच्छ ऐकू आली. इकडं मध्यरात्री तिघंही उठून बसले होते.

बसगाड्यांचं मात्र इथं २०१५च्या ऑगस्टात एक धाडस झालं. आधी सगळ्या बस शहराच्या मध्याकडं धावायच्या. म्हणजे केजहून माजलगावला जायचं तर आधी बीडच्या स्टँडवर या, असा कारभार. तो एका रात्रीत मोडला आणि सारी जाळी नव्यानं आखली. आता नकाशावर लाल रेघ दिसली की बस पंधरा मिनिटांना, निळी म्हणजे अर्ध्या तासाला, हिरवी म्हणजे तासाला. सुनेनं घर शोधताना भाडं, हवा, पाणी काही पाहिलं नाही. लाल रेघ पाहिली.

बसमध्ये कंडक्टर नाही. आपल्या एसटीत दोरी ओढायचा मान कंडक्टरचा, एक घंटी थांब नि दोन घंट्या चल. इथं खिडकीला लागून दोरी असते आणि ती उतारूनंच ओढायची. चिरंजीवांना पहिले काही दिवस दुसऱ्याच्या कामात हात घातल्यासारखं वाटे. नातीला नाही, ती दोरीसाठीच खिडकी धरते. तिकीट सव्वा डॉलर. कार्ड लावलं तर तीन तासांत गाडी बदलायला वेगळे पैसे नाहीत. रोख द्यायचे तर नेमके द्यायचे, कारण ड्रायव्हर सुटे देत नाही. "राहिलेले उतरताना घ्या" असं तिकिटामागं लिहून देणारं इथं कुणीच नाही.

एक गोष्ट मात्र आईंनी बघायला हवी. थांब्यावर चाकाच्या खुर्चीतलं कुणी असलं की बस फुस्स करून एका अंगानं खाली बसते, दारातून फळी बाहेर येते, ड्रायव्हर स्वतः उठून खुर्चीचे चारी पट्टे जमिनीला आवळतो, हलवून पाहतो, आणि मगच गाडी निघते. पाच मिनिटं जातात. चाळीस माणसांतलं कुणी हूं की चूं करत नाही. बसच्या नाकावर सायकली ठेवायचा लोखंडी सांगाडा असतो. आपल्याकडं टपावर चढवायची सोय, इकडं पुढं टांगायची. टपावर शेळी चढवता येते का, ते आप्पांनी विचारलं होतं. टपच नाही.

खरी परीक्षा असते उतरल्यावर. मोठ्या रस्त्यालगतचा फीडर रोड, फुटपाथ मध्येच संपलेला, पुढं गवत, आणि ऊन आपल्यासारखं कोरडं नाही. बीडचं ऊन भाजतं, इथलं शिजवतं. अशा रस्त्यानं चालणारी एकटी बाई दिसली की गाडीवाले काच खाली करून "सगळं ठीक ना?" विचारतात. गाडी बंद पडली असेल, नवऱ्याशी भांडण झालं असेल, काही तरी संकट असणारच. संकट म्हणजे कोथिंबीर असते. हिलक्रॉफ्टचा भाग, ज्याला २०१०पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथं भारतीय किराणा मिळतो. ज्वारीच्या पिठाची वीस पौंडांची गोणी, तुरीची डाळ आणि कोथिंबीर दोनचाकी ढकलगाडीवर लादून, दोन बस करून सून घरी येते. मागल्या महिन्यात ढकलगाडीचं एक चाक निखळलं आणि गोणी खांद्यावर आली. अंबाजोगाईच्या माहेराला बरं वाटेल, खांदा अजून शाबूत आहे.

मराठी मंडळी इथं पुष्कळ, पण सगळी पंचवीस-पंचवीस मिनिटांवर. गणपतीला, संक्रांतीला कार्यक्रम असतो तो दूरच्या उपनगरात एखाद्या हॉलमध्ये, जिथं रविवारी बस फिरकत नाही. मग व्हॉट्सॲपवर विषय निघतो: यांना कोण आणणार? एक जण घरून उचलतो, दुसरा वाटेत बदली घेतो, परत सोडायला तिसरा. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला डबा असाच हातोहात जायचा, इथं अख्खं कुटुंब जातं. त्याची परतफेड सुनेनं धपाट्यांत ठरवली आहे. घरून आणणाऱ्याला दहा, परत सोडणाऱ्याला बारा, कारण रात्रीची झोप मोडते. तुम्ही पाठवलेल्या येसराच्या आमटीवर तर एका पुणेकर गृहस्थांनी हिवाळाभर विमानतळाची सेवा कबूल केली होती. चिरंजीवांना हे मिंधेपण टोचतं. सून मात्र म्हणते, या मंडळींच्या ओळखी झाल्या त्या त्यांच्या मागच्या सीटवर बसूनच. हॉलमध्ये सगळे नुसते "कसे आहात" म्हणतात. गाडीत तासभर बसलं की कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन कुठवर आलं ते कळतं.

गाडी कदाचित पुढच्या वर्षी येईल. लेकराची शाळा बदलली की रेघ लाल राहील की हिरवी होईल, सांगता येत नाही.

आप्पा, तुमचं पंचाहत्तर झालं म्हणून एसटीत तुम्हाला फुकट, आणि १७ मार्च २०२३पासून आईंना अर्धं तिकीट. इथं सत्तरीपुढच्या सगळ्यांनाच बस आणि रेल्वे फुकट आहे, तेव्हा तुम्ही इथंही बिनखर्चाचे. आलात की आधी ते कार्ड काढून देऊ.

लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार.

आपली,
सून

ता. क. येताना येसर आणि शेंगदाण्याची चटणी आणा, पण बॅगा दोनच आणा आणि चाकं तपासून आणा. विमानतळावर चिरंजीव घ्यायला येतील ते १०२ नंबरच्या बसनं. ती शहराच्या मध्यापर्यंत येते, पुढं रेल्वे. आईंना खिडकी, दोरी मात्र नातीची.