केकवरचं करवंद

लातूर शहरात करवंदाची जाळी शोधायला निघालात तर चपला झिजतील, जाळी दिसायची नाही. करवंदाला मुरमाड उतार लागतो, खडकाची फट लागते; पाणी धरून बसणारी काळी भारी जमीन त्याला मानवत नाही. आणि जिल्ह्यात जंगल म्हणाल तर एक टक्कासुद्धा नाही. या बाबतीत नांदेडकर नशीबवान. त्यांच्याकडे पैनगंगेच्या अंगाचं किनवट-माहूरचं सागवान आहे. वैशाखात साग पार उघडाबोडका होतो, तेव्हा त्याच्या पायाशी करवंद मात्र हिरवंगार, वर काळ्या घोसांनी लगडलेलं. काटाही साधासुधा नाही, टोकाशी दुभंगलेला. एकदा बाही धरली की दोन्हीकडून ओढतो. फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो आणि घाईनं तोंडात टाकणाऱ्याचे ओठ डिंक लावल्यागत चिकटतात. विषारी कण्हेर याच कुळातली, हे लेकरांना कुणी सांगत नाही, तेच बरं. त्यांचा सगळा जीव पैजेत. करवंद अर्धं तोडायचं : आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

लातूरकरांनी हळहळू नये. करवंद त्यांच्याकडे येतं, फक्त वेषांतर करून. कच्ची करवंदं घेतात, बी काढतात, साखरेच्या पाकात मुरवतात, भडक लाल रंग चढवतात आणि बेकरीत त्यांना चेरी म्हणतात. खरी चेरी थंड डोंगरातली, महाग. केकवर, आइस्क्रीमवर, मिठ्या पानात खोचलेली ती लाल गोळी म्हणजे बहुतेकदा आपलं करवंदच. ज्या शहरानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्यानं रानमेवा बाहेरून आणला तर बिघडलं कुठं?

मला गंमत वाटते ती निकालाच्या दिवसाची. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी गाजलेल्या या गावात त्या दिवशी बेकऱ्यांपुढे रांगा. फुलांची सूत्रं तोंडपाठ असलेला पोरगा सगळ्यांच्या आधी चेरी उचलतो, तोंडात टाकतो आणि आपण नुकतंच एक झुडूप खाल्लं याचा त्याला पत्ता नसतो. माझं दुःख वेगळं आहे. त्या रंगानं आतबाहेर सगळं सारखंच लाल करून टाकलंय. आता कोंबडीवर पैज लावणाऱ्यानं जिंकायचं कसं?